नाचल्याने मन हलके होते, पण आजार बरा होतो का?

नैराश्यावर व्यायामाचा काय परिणाम होतो, याचा एक मोठा आढावा फेब्रुवारी २०२४मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या या कामात २१८ अभ्यास आणि त्यांत सहभागी झालेल्या १४ हजार १७० जणांची माहिती एकत्र करण्यात आली. चालणे, धावणे, योगासने, वजने उचलणे, ताई ची अशा अनेक प्रकारांची तुलना झाली. त्यात सर्वांत मोठा परिणाम दिसला तो नृत्याचा. मग जगभरच्या बातम्यांना मथळा मिळाला आणि समाजमाध्यमांवर 'गोळ्या सोडा, नाचायला लागा' अशा थाटाचे सल्लेही फिरू लागले.

हा मथळा जितका आकर्षक आहे, तितकाच तो धोक्याचाही आहे. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाने अशा सल्ल्यावरून औषध मध्येच बंद केले, तर त्याची मोठी किंमत मोजावी लागते. दुसरीकडे, हे सगळे निव्वळ थोतांड समजून झटकून टाकले, तर ज्या देशात मनोविकारतज्ज्ञांची वानवा आहे तिथे एक स्वस्त आणि आनंददायी मदत हातची जाते. त्यामुळे नृत्य आणि हालचालींवर आधारलेल्या उपचाराबद्दल विज्ञानाला नेमके काय ठाऊक आहे, हे नीट पाहायला हवे. भारतात या क्षेत्राला आता कायद्याच्या चौकटीत जागा मिळाली आहे, म्हणूनही हा विषय महत्त्वाचा ठरतो.

आकड्यामागचे वास्तव

त्या आढाव्यात परिणामाचे जे मोजमाप वापरले आहे, त्यानुसार नृत्याचा आकडा ०.९६ आहे. चालणे किंवा धावणे यांचा ०.६च्या आसपास आणि योगासनांचा ०.५५. अशा मोजमापात ०.८च्या पुढचा परिणाम मोठा मानतात. वरवर पाहता नृत्याने बाजी मारली. पण चालण्या-धावण्याच्या आकड्यामागे बाराशेहून अधिक माणसे होती. नृत्याच्या आकड्यामागे होती अवघी १०७. इतक्या कमी माणसांवरून निघालेला मोठा आकडा पुढच्या, अधिक मोठ्या अभ्यासांत खाली येतो, हा वैद्यकीय संशोधनातील नेहमीचा अनुभव आहे. संशोधकांनाही याची जाणीव होती. म्हणूनच त्यांच्या मुख्य निष्कर्षांत भर दिला गेला तो चालणे, धावणे, योगासने आणि वजने उचलणे यांवर.

गोळ्यांशी केलेल्या तुलनेची तर अधिकच गल्लत झाली. याच आढाव्यात नैराश्यावरील नेहमीच्या औषधांसमोर ०.२६ हा आकडा आहे. तो नृत्याच्या आकड्याच्या जेमतेम चौथा हिस्सा भरतो. परंतु हा आढावा व्यायामाचा होता. औषधांवर झालेल्या शेकडो चाचण्या त्यात नव्हत्याच; व्यायामाच्या अभ्यासांत जिथे औषध घेणारा गटही होता, तेवढेच आकडे त्यात आले. त्यावरून औषधांपेक्षा नाच भारी, असा निष्कर्ष काढणे म्हणजे एका गावच्या जत्रेवरून साऱ्या जिल्ह्याची लोकसंख्या ठरवण्यासारखे आहे. शिवाय पक्षपाताचा धोका कमी असण्याच्या कठोर निकषांवर या २१८ अभ्यासांपैकी केवळ एकच उतरला. ही बाब मात्र मथळ्यांत कुठेच आली नाही.

यात कोणाची लबाडी आहे असे नाही. गोळीच्या चाचणीत खऱ्या गोळीसारखीच दिसणारी साखरेची गोळी देता येते. आपल्याला कोणती मिळाली हे रुग्णाला कळत नाही. नाचाच्या बाबतीत हे शक्यच नाही. आपण नाचतो आहोत की नाही, हे प्रत्येकाला कळते. ज्यांना मुळात नाचायची आवड आहे, तेच अशा अभ्यासांत उत्साहाने नाव नोंदवतात. नाचून बरे वाटेल ही अपेक्षाही आधीपासून असते. आणि बरे वाटले, तर ते संगीतामुळे, घाम गाळल्यामुळे, चार माणसांत मिसळल्यामुळे की शिकवणाऱ्याच्या प्रेमळपणामुळे, हे वेगळे काढणे कठीण जाते.

नृत्यवर्ग वेगळा, उपचार वेगळा

चर्चेत आणखी एक गोंधळ सर्रास होतो. झुंबाचा वर्ग, कथकची शिकवणी, लग्नातला संगीताचा कार्यक्रम आणि 'डान्स मूव्हमेंट थेरपी' ही सगळी एकाच पिशवीत टाकली जातात. नृत्यवर्गात पावले बरोबर पडणे महत्त्वाचे असते. उपचारात पावले चुकीची पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे हालचाल हे बोलण्याचे साधन असते. जे शब्दांत सांगता येत नाही ते शरीराच्या वाटेने बाहेर यावे आणि त्याकडे प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने पाहता यावे, हा त्यामागचा हेतू.

या पद्धतीची मुळे अमेरिकेत सापडतात. मेरियन चेस या नर्तकी वॉशिंग्टनमध्ये नृत्य शिकवत असत. त्यांच्या काही विद्यार्थ्यांना तंत्रापेक्षा नाचल्यानंतर वाटणाऱ्या मोकळेपणात अधिक रस आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. हळूहळू शहरातील डॉक्टर आपले रुग्ण त्यांच्याकडे पाठवू लागले. १९४२मध्ये सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात त्यांना बोलावणे आले. दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ. युद्धातून मनाने मोडून परतलेले सैनिक आणि वर्षानुवर्षे कोणाशी एक शब्दही न बोललेले रुग्ण तिथे होते. मनोविकारांवरील आजची औषधे तेव्हा आलेली नव्हती. चेस रुग्णांचे वर्तुळ करत, संगीत लावत आणि ज्याची जशी हालचाल असेल तिला तशाच हालचालीने उत्तर देत. कोणी फक्त बोट हलवले, तर त्याही तेवढेच बोट हलवत. कोणीतरी आपल्याला पाहते आहे, समजून घेते आहे, हा निरोप अशा रीतीने पोहोचत असे. १९६६मध्ये अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशनची स्थापना झाली आणि चेस तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

आजच्या सत्राचा ढाचा फारसा वेगळा नाही. सुरुवातीला सर्वजण वर्तुळात उभे राहतात किंवा बसतात. श्वास, खांदे, मान, पावले यांच्या सोप्या हालचालींनी अंग मोकळे केले जाते. मग गटातूनच एखादा विषय पुढे येतो. राग, ओझे, कोणाला तरी नकार देणे, एखाद्यावर भरवसा ठेवणे अशा अनुभवांना हालचालीचे रूप दिले जाते. उपचारक काही वेळा रुग्णाच्या हालचालीचे प्रतिबिंब दाखवतो, काही वेळा तिला थोडे वेगळे वळण देतो. शेवटी गती मंदावते, सगळे पुन्हा वर्तुळात येतात आणि काय जाणवले यावर बोलणे होते. कोणाला बोलायचे नसेल, तर तेही चालते. व्हीलचेअरवरच्या माणसालाही अशा सत्रात भाग घेता येतो, कारण तिथे डोळ्यांची उघडझाप हीसुद्धा हालचालच असते.

मनाचा आजार शरीरात कसा उतरतो

नैराश्य हा केवळ विचारांचा आजार नाही. खांदे पडणे, चाल मंदावणे, चेहऱ्यावरचे भाव पुसले जाणे, अंथरुणातून उठणेही डोंगराएवढे वाटणे ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात नैराश्याच्या रुग्णांच्या चालण्याचे बारकाईने मोजमाप करण्यात आले. निरोगी माणसांच्या तुलनेत त्यांचा वेग कमी होता, चालताना हात कमी हलत होते आणि पाठ अधिक वाकलेली होती. मनाची अवस्था शरीरावर उमटते, हे घरातल्या आजीलाही ठाऊक असते. हा रस्ता उलट दिशेनेही चालतो का, म्हणजे शरीराची ठेवण आणि गती बदलून मनावर परिणाम करता येतो का, हा नृत्योपचारामागचा मूळ प्रश्न आहे.

त्याच्या उत्तराचे काही तुकडे हाती आले आहेत. पहिला तुकडा सरळ व्यायामाचा. हृदयाची गती वाढवणाऱ्या कोणत्याही हालचालीने झोप सुधारते, ताण उतरतो आणि मन थोडे उल्हसित होते. दुसरा तुकडा एकत्र, एका तालात हलण्याचा. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्राझीलमधील शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुले एकाच तालात, सारख्या हालचाली करत होती, काही वेगवेगळ्या. काहींना दमवणारे नृत्य दिले होते, काहींना बसल्या जागी करण्यासारखे. त्यानंतर मुलांची वेदना सहन करण्याची क्षमता मोजली. दमल्याने ती वाढलीच, पण तालात ताल मिसळल्याने तिच्यात वेगळी भर पडली आणि सोबतच्या मुलांबद्दलची जवळीकही वाढली. वेदना सहन करण्याची क्षमता वाढणे हे मेंदूत एंडॉर्फिन पाझरत असल्याचे अप्रत्यक्ष चिन्ह मानले जाते.

तिसरा तुकडा शिकण्याचा. नाचताना पावले लक्षात ठेवावी लागतात, तोल सांभाळावा लागतो, कान तालाकडे आणि डोळे जोडीदाराकडे ठेवावे लागतात. जर्मनीतील माग्डेबुर्ग येथे साठी ओलांडलेल्या निरोगी ज्येष्ठांच्या दोन गटांचा दीड वर्ष अभ्यास झाला. एका गटाला सतत नवनवी नृत्ये शिकवली, दुसऱ्याला नेहमीचा व्यायाम दिला. स्मृतीशी संबंधित 'हिप्पोकॅम्पस' या मेंदूच्या भागात दोन्ही गटांत वाढ दिसली. तोल सुधारला तो मात्र नाचणाऱ्यांचाच. हा अभ्यासही छोटा होता. दोन्ही गट मिळून माणसे तिसाहून कमी.

पुरावा कुठे भक्कम, कुठे पोकळ

आता खुद्द उपचाराच्या पुराव्याकडे वळू. वैद्यकीय पुराव्यांची कठोर छाननी करणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेने २०१५मध्ये नैराश्यावरील डान्स मूव्हमेंट थेरपीचा आढावा घेतला. निकषांत बसणारे अभ्यास सापडले फक्त तीन, त्यांतील माणसे १४७. पुराव्याचा दर्जा कमी असल्याने ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असा निर्वाळा देण्यात आला. २०१९मध्ये जर्मनीतील साबिने कोख आणि सहकाऱ्यांनी अधिक व्यापक जाळे टाकले. ४१ अभ्यास, २ हजार ३७४ माणसे. त्यात एक उपयुक्त भेद पुढे आला. उपचारकाच्या देखरेखीखालील सत्रांनी चिंता आणि नैराश्य कमी झाल्याचे दिसले. साध्या नृत्यवर्गांचा फायदा मुख्यतः शरीराच्या हालचालींवरील ताबा सुधारण्यात दिसला. एकूण परिणाम मध्यम स्वरूपाचा होता.

म्हणजे कॉक्रेनने 'हे निरुपयोगी आहे' असे म्हटलेले नाही आणि कोख यांनी 'हा रामबाण आहे' असेही म्हटलेले नाही. पुरावा आशादायक आहे, पण तो अजून पुरेसा पिकलेला नाही. सौम्य ते मध्यम नैराश्य आणि चिंता यांत मुख्य उपचाराच्या जोडीला याचा फायदा होऊ शकतो, एवढे आज म्हणता येते. तीव्र नैराश्य, आत्महत्येचे विचार, स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजारातील उन्मादाची अवस्था यांत औषधांना पर्याय म्हणून याकडे पाहता येत नाही.

वृद्धांच्या बाबतीत चित्र जरा अधिक बोलके आहे. २००३मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ७५ वर्षांवरील ४६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्यवादन करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पोहणे, चालणे, सायकल चालवणे अशा शारीरिक छंदांपैकी मात्र केवळ नृत्याच्या बाबतीत असा संबंध दिसला. अर्थात, ज्यांचा मेंदू शाबूत असतो तेच नाचत राहतात, अशी शक्यताही त्यात दडलेली आहे.

पार्किन्सनच्या आजाराचे उदाहरण मराठी वाचकांच्या जवळचे आहे. या आजारात कंप आणि ताठरपणा दिसतो, पण नैराश्य आणि एकटेपणाही अनेक रुग्णांना पोखरतो. हात थरथरतात म्हणून माणूस चारचौघांत जाणे टाळतो आणि घरात बसून अधिक खचतो. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१मध्ये अशा रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात टँगो शिकलेल्या रुग्णांचा तोल सुधारल्याचे दिसले. पुण्यात नृत्यदिग्दर्शक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी असेच वर्ग घेतले आहेत. या आजारात पाऊल अचानक जमिनीला चिकटल्यासारखे थांबते. ठेका कानावर पडला की ते उचलायला मदत होते, हे आता फिजिओथेरपीतही मान्य झाले आहे. रुग्णाच्या लेखी यात आणखी एक गोष्ट असते. इस्पितळात तो पेशंट असतो. नाचाच्या वर्गात तो शिकणारा असतो.

गरज मोठी, हात थोडे

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केले. त्यात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. देशात एक लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण ०.७५ असल्याचा अंदाज आहे. किमान तीन तरी असावेत असे मानले जाते. ही तूट केवळ डॉक्टर वाढवून नजीकच्या काळात भरून निघणार नाही. म्हणून डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या माणसांकडून काय काय करून घेता येईल, याकडे धोरणकर्त्यांना पाहावे लागते.

गोव्याने यात एक धडा घालून दिला आहे. संगत या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण देण्यात आले. रुग्णाला पुन्हा हळूहळू कामात, छंदात, माणसांत आणायचे, हा त्या उपचाराचा गाभा होता. सहा ते आठ भेटींत रुग्णांची लक्षणे नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक कमी झाली. ही चाचणी नृत्याची नव्हती. तरीही तिच्यातून दोन गोष्टी शिकता येतात. नैराश्यात निष्क्रियतेचे चक्र तोडणे हाच उपचाराचा मोठा भाग असू शकतो. आणि हे काम साधारण माणूस करू शकतो, पण त्यासाठी लिखित पद्धत, प्रशिक्षण आणि सततची देखरेख लागते.

भारतात नृत्योपचाराची एक ठळक वाट कोलकात्यातून निघाली. सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४मध्ये स्थापन केलेली 'कोलकाता संवेद' ही संस्था मानवी तस्करीतून सुटलेल्या मुली आणि स्त्रियांसोबत काम करते. ज्यांच्या शरीरावर दुसऱ्यांनी हक्क सांगितला, त्यांना शरीर पुन्हा आपले वाटावे यासाठी हालचालीचा आधार घेतला जातो. अशा अनेक जणींना घडलेले सांगायला शब्द सापडत नाहीत, सांगितले तर पुन्हा तेच भोगावे लागते. यातील काही मुली पुढे स्वतःच प्रशिक्षक झाल्या. या संस्थेच्या सहभागातून मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत डान्स मूव्हमेंट थेरपीचा पदविका अभ्यासक्रमही उभा राहिला.

कायद्यात जागा, पण पाटी कोरी

मार्च २०२१मध्ये 'राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा' झाला. फिजिओथेरपिस्ट, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ अशा, तोवर विखुरलेल्या व्यवसायांना शिस्त लावणे हा त्याचा हेतू. त्याच्या परिशिष्टात 'मूव्हमेंट थेरपिस्ट' हा व्यवसाय नोंदवला आहे आणि त्यात कला, नृत्य व हालचाल उपचारक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ब्रिटनमध्ये कला, संगीत आणि नाट्य उपचारक सरकारी नोंदणीच्या कक्षेत आहेत, नृत्य उपचारक नाहीत. त्या अर्थाने भारताचा कायदा कागदावर एक पाऊल पुढेच आहे.

अडचण अंमलबजावणीत आहे. या कायद्यानुसार राज्याराज्यांत परिषदा स्थापन व्हायच्या, त्यांच्याकडे नोंदवह्या असायच्या आणि नोंद नसलेल्याला व्यवसाय करता येऊ नये, अशी रचना आहे. हे काम इतके रेंगाळले की ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. दुसरा पेच शिक्षणाचा आहे. कायद्यातील 'संलग्न आरोग्य व्यावसायिक' होण्यासाठी किमान दोन हजार तासांचे, दोन ते चार वर्षांत पसरलेले शिक्षण लागते. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणवून घ्यायचे, तर किमान ३ हजार ६०० तासांची पदवी. देशातील नृत्योपचाराचे बरेचसे अभ्यासक्रम मात्र वर्षभराचे किंवा त्याहून छोटे आहेत. अमेरिकेत नोंदणीसाठी पदव्युत्तर शिक्षण लागते. मग आज काम करणाऱ्या प्रामाणिक उपचारकांचे काय करायचे? त्यांना पूरक शिक्षण देऊन सामावून घ्यायचे की बाहेर ठेवायचे? याचे उत्तर जितके लांबेल तितका काळ दोन दिवसांची कार्यशाळा केलेला माणूस आणि वर्षानुवर्षे रुग्णालयात काम केलेली उपचारक एकाच पाटीखाली बसणार. सामान्य माणसाला त्यांतला फरक कळायचा कसा?

अंगणातला नाच

उपचार हा प्रश्नाचा एक भाग झाला. आजार होण्याआधीच्या काळजीचा भाग त्याहून मोठा आहे. २०२४मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२ टक्के. त्याआधी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील माणसांची नोंद झाली होती. फावल्या वेळात केवळ आनंदासाठी अंग हलवणारे त्यात दहा टक्केही नव्हते. बाईने घरात दिवसभर राबायचे आणि संध्याकाळी स्वतःसाठी अर्धा तास चालायलाही निघायचे नाही, हे चित्र शहरात आणि गावात सारखेच दिसते.

महाराष्ट्राच्या जुन्या चालीरीतींत याला काही पळवाटा होत्या. मंगळागौरीला रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा चाले. नवरात्रात भोंडल्याचा फेर धरला जाई. वारीच्या वाटेवर वयाची, पदाची आठवण न ठेवता पावली आणि फुगडी खेळली जाते. पालघरच्या आदिवासी पाड्यांत तारप्याच्या सुरावर हातात हात गुंफून फेर धरतात. शाळांत लेझीम होते. याला उपचार म्हणणे हा शब्दाचा आणि परंपरेचाही अपमान ठरेल. भोंडला हा भोंडलाच आहे. पण एकत्र तालात हलणे, दम लागेपर्यंत खेळणे, सासरी आलेल्या मुलीने चार समवयस्क बायकांत मनमोकळे हसणे, हे सगळे त्यात होते. प्रयोगशाळेत आज ज्या घटकांची मोजदाद होते आहे, त्यांतले बरेच तिथे नकळत जुळून येत होते.

मग अडते कुठे? मराठी समाजात नाचाकडे पाहण्याची नजर सरळ नाही. 'नाच' आणि 'नृत्य' या दोन शब्दांतच जातीची, वर्गाची आणि प्रतिष्ठेची भिंत उभी आहे. मिरवणुकीत पुरुषाने नाचले तर चालते, बाईने नाचले तर डोळे वटारले जातात. उलट उपचाराच्या गटात यायला पुरुषच अधिक संकोचतात. 'मला नाचता येत नाही' हे वाक्य उपचारकांना सर्वाधिक वेळा ऐकावे लागते. अंगण वाकडे असल्याची सबब तिथे लागतच नाही, कारण नाचता येणे ही अटच नसते. म्हणूनच अनेक ठिकाणी 'नृत्य' हा शब्द टाळून 'हालचाल' असे म्हणतात.

जाण्यापूर्वी काय पाहावे

मन उदास राहते, झोप बिघडली आहे, कशातच रस वाटत नाही आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले आहे, असे असेल तर आधी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा. केंद्र सरकारच्या 'टेली मानस' या सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून दिवसरात्र सुरू आहे. आत्महत्येचे विचार येत असतील, तर वाट पाहू नये. चालू असलेले औषध कोणत्याही वर्गाच्या किंवा सत्राच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नये.

नृत्योपचार घ्यायचा ठरवला, तर काही प्रश्न बेधडक विचारावेत. प्रशिक्षण कुठे आणि किती काळ झाले? रुग्णांसोबत देखरेखीखाली किती तास काम केले? आजार आणि औषधांची चौकशी केली जाते का? गरज पडल्यास डॉक्टरांशी बोलण्याची तयारी आहे का? गटातील गोष्टी गटातच राहतात का? स्पर्शाआधी परवानगी घेतली जाते का? लैंगिक किंवा अन्य अत्याचाराचा अनुभव असलेल्यांसाठी हा शेवटचा प्रश्न कळीचा आहे, कारण एखाद्या हालचालीने वा स्पर्शाने जुनी जखम अचानक उघडी पडू शकते आणि ती सावरायला जाणकार माणूस लागतो. हृदयविकार, गुडघ्यांचे दुखणे, तोल जाणे किंवा गरोदरपण असेल तर तेही आधी सांगावे. 'चार सत्रांत नैराश्य मुळापासून घालवतो' असे सांगणाऱ्याकडे पाठ फिरवावी.

ज्यांना आजार नाही, फक्त ताण आहे, त्यांना यातल्या कशाचीच गरज नाही. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती नाचातून झाली तर उत्तम. शिवाय तीत माणसांची सोबत मिळते आणि कंटाळा कमी येतो. व्यायाम बहुतेकांचा सुटतो तो कंटाळ्यामुळेच.

पुढची पावले

राज्यात ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. दीर्घकाळ राहिलेल्या रुग्णांना बोलते करणे, हलते करणे हा तिथला रोजचा प्रश्न. मेरियन चेस यांनी नेमक्या अशाच वॉर्डांत काम सुरू केले होते. या रुग्णालयांत प्रशिक्षित उपचारकांना जागा देऊन, त्यासोबतच नीट मोजमाप असलेले अभ्यास झाले, तर रुग्णांना मदत होईल आणि आज जो पुरावा परदेशातील शे-दीडशे माणसांवर उभा आहे त्याला इथल्या अनुभवाची जोड मिळेल. राज्य परिषदेची नोंदवही तयार झाली, तर लोकांना खरा उपचारक ओळखता येईल. अंगणवाड्या, महिला बचत गट आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांच्याकडे जागा आहे, माणसे आहेत. आठवड्यातून दोनदा तासभर एकत्र हालचाल करण्यासाठी एक ध्वनिक्षेपक आणि एक उत्साही कार्यकर्ती पुरते. त्याला थेरपी म्हणायचे कारण नाही.

यातल्या कोणत्याही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ती दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची शिस्त. आजारी माणसाला उपचार हवा, तो पारखून घेतलेला आणि जबाबदार हातांतून. निरोगी माणसाला मात्र हवा असतो मोकळा वेळ, सुरक्षित जागा आणि नाचताना कोणी हसणार नाही याची खात्री.